हौदावरची जाळी: पाच महिन्यांनंतर

माशांच्या हौदात पानं पडू नयेत म्हणून लावलेली जाळी पावसाआधी काढताना काल शेवटची खुंटी तुटली. पाच महिने ऊन खाऊनही जाळीचा एक धागा सुटलेला नाही, आणि सोबत आलेल्या बाराही खुंट्या संपल्या. जाळी आणि खुंट्यांचा हा तयार सेट घ्यायच्या विचारात असाल, तर आधी खुंट्यांची हकीकत वाचा.

पुण्यात घराच्या परसात आमचा हौद आहे, १० बाय ६ फूट, खोली ३ फूट. साधारण ५ हजार लिटर पाणी, सात कोई मासे आणि मोजदाद नसलेले गप्पी. डोक्यावर देशी बदाम. जानेवारीत त्याची पानं लाल होतात आणि पुढचे दोन-तीन आठवडे नुसता खच पडतो. एकेक पान तळहाताहून मोठं.

गेल्या वर्षी मी ती काढलीच नव्हती. बदामाचं पान माशांना चांगलं, असं ऐकून होतो. एखाद्या पानाचं ते खरंही आहे, शोभेचे मासे विकणारे वाळलेली पानंही विकतात. पण पाटीभर पानं तळाशी कुजायला लागली की पाण्यातला ऑक्सिजन संपत जातो. फेब्रुवारीत एका पहाटे सगळे कोई वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो, कारण रात्रभर शेवाळंही तोच वापरतं. हवेचा पंप आणून लावेपर्यंत दोन गेले. त्यातला एक नऊ वर्षांचा होता, हातातून दाणे खायचा.

म्हणून यंदा जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात ४ बाय ३ मीटरची जाळी मागवली, ११५० रुपयांना. आमच्याकडची जमीन मुरमाड. पहिली खुंटी हातोडीच्या तिसऱ्या घावाला डोक्याशी फुटली, दुसरी निम्मी आत जाऊन वाकली. पहिल्याच दिवशी पाच गेल्या. उरलेल्यांवर जाळी कशीबशी ताणली, पण आठवडाभरात पानांच्या भारानं ती मधोमध पाण्याला टेकली. पानं तिथेच भिजत पडली आणि पाणी कोऱ्या चहासारखं झालं. मग जाळीचा उपयोग काय?

विकणाऱ्यांना फोन केला. “सर, खुंट्या सुट्या मिळत नाहीत, पूर्ण सेट घ्यावा लागेल.” तुटलेल्यांचे फोटो पाठवले, तर “जमीन कडक असेल तर आमची जबाबदारी नाही.” पाच रुपयांच्या प्लॅस्टिकसाठी ११५० पुन्हा? चार फोन झाले, मग नाद सोडला. त्या दिवशी मी याला एकच तारा दिला असता.

नंतर ६ मिलिमीटरच्या सळईचे फूटभर लांबीचे नऊ तुकडे कापून आणले, भंगारवाल्याकडून १२० रुपयांत. बागेच्या वाफ्यात माती मऊ, तिथल्या तीन खुंट्या तशाच ठेवल्या. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपच्या दोन कमानी हौदावर आडव्या बसवल्या आणि जाळी त्यांवरून घट्ट ओढली. फरक दुसऱ्याच दिवशी दिसला. पान पडतं, उतारावरून घसरतं आणि कडेला जमतं, तेही कोरडं. सकाळी झाडूनं ओढून थेट खतात टाकायचं. पंधरा दिवसांत तळ दिसायला लागला. शिवाय रोज काठावर ध्यान लावून बसणारी ढोकरी (मासे टिपणारा छोटा बगळा) आठवडाभर घिरट्या घालून गेली, ती परत आली नाही. यासाठी मी जाळी घेतलीच नव्हती.

मार्चमध्ये मात्र एका सैल कोपऱ्यात दिवड अडकली. बिनविषारी साप, पण सुटायला जितकी धडपडेल तितका नायलॉन तिच्या खवल्यांत रुतत होता. सर्पमित्रानं नखं कापायच्या कात्रीनं एकेक धागा कापला, अर्धा तास लागला. ती पलीकडच्या ओढ्याकडे गेली. तेव्हापासून जाळीचा काठ जमिनीवर लोळू देत नाही, सगळा वर गुंडाळून सळईला बांधतो. तुम्हीही ताणूनच लावा.

आता तारे विचाराल तर जाळीला साडेचार, खुंट्यांना शून्य. शेडनेट याहून स्वस्त पडतं, पण त्यातून पाण्यावर ऊन कमी पोचतं आणि आमच्या कमळाला ते चालणार नाही.

जाळी धुऊन माळ्यावर टाकली आहे. बदाम वर्षातून दोनदा पानं टाकतो, त्यामुळे लवकरच ती पुन्हा खाली येईल. सळया जमिनीतच ठेवल्यात. आई संध्याकाळी तिथे अनवाणी फिरते, म्हणून प्रत्येक टोकावर बाटलीचं बूच ठोकून बसवलंय.