लेखी दाद की उघड नकार?

पुण्याच्या बिशपांच्या एखाद्या लेखी आदेशाने श्रद्धेलाच बाधा येते असे वाटले, तर कॅथलिक माणसापुढे दोन वाटा असतात.

पहिली लेखी दाद. आदेश हाती आल्यापासून 10 दिवसांत तो मागे घ्यावा किंवा बदलावा असा अर्ज बिशपांकडेच करायचा (चर्चच्या कायद्याचे कलम, कॅनन 1734). त्यातच अंमलबजावणी थांबवण्याची विनंती घालावी, ती आपोआप थांबेलच असे नाही. उत्तर पटले नाही, किंवा 30 दिवसांत आलेच नाही, तर पुढच्या 15 दिवसांत रोमकडे, म्हणजे पोपच्या कार्यालयाकडे. इथेच बरेच जण चुकतात: मुंबईचे आर्चबिशप वरिष्ठ समजून त्यांना लिहितात आणि मुदत निघून जाते. पोचपावती हवीच. शिवाय ‘श्रद्धा धोक्यात’ एवढे मोघम लिहून भागत नाही. कोणते वाक्य कोणत्या शिकवणीविरुद्ध जाते, ते दाखवावे लागते.

दुसरी वाट उघड नकाराची. बायबलमध्ये प्रेषित पौलाने प्रेषित पेत्राला तोंडावर विरोध केला (गलतीकरांस पत्र 2:11), हा तिचा आधार. पण ती खरी कानउघाडणी होती. पौलाने वेगळी चूल मांडली नाही. 1988 मध्ये चर्चमधल्या सुधारणांना विरोध करणारे फ्रेंच आर्चबिशप लफेव्र यांनी पोपच्या संमतीविना चार बिशपांना दीक्षा दिली, ती मात्र बहिष्कारापर्यंत गेली. त्या चौघांवरचा बहिष्कार उठायला 2009 उजाडले.

आज्ञा उघड पापाची असेल तर नकार लगेच द्यावा, अर्जाची वाट पाहू नये. मिस्साची (चर्चमधल्या मुख्य उपासनेची) भाषा, वेळ, धर्मगुरूंची बदली यांसाठी पहिलीच वाट बरी, कितीही रटाळ वाटली तरी.