इटलीत मासे खाताना: भाव शंभर ग्रॅमचा, बिल अख्ख्या माशाचं

२०१८ साली व्हेनिसमध्ये चार जपानी विद्यार्थ्यांना चार स्टेक, तळलेल्या माशांची एक प्लेट आणि पाणी एवढ्यासाठी १,१०० युरोंच्या वर बिल आलं. पुढच्याच वर्षी रोममध्ये दोन जपानी तरुणींकडून माशांची स्पॅगेटी आणि पाण्याचे ४२९.८० युरो घेतले गेले, त्यात ८० युरो टिपचे. दोन्ही बिलं जगभर गाजली. तरीही पर्यटक रोज असेच नाडले जातात, कारण सगळ्यात मोठी लूट मेन्यूकार्डावर छापलेली असते आणि ती आपण वाचत नाही.

माशासमोर ७ युरो लिहिलेले असतात. त्याच्याच शेजारी बारीक अक्षरात ‘एत्तो’ किंवा ‘एचजी’ असतं. एक एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. वेटर ट्रेमधून चकचकीत मासा आणून दाखवतो, ‘आजचाच आहे, दोघांना पुरेल’ म्हणतो, आपण मान डोलावतो. मासा भरतो १ किलो २०० ग्रॅम, म्हणजे १२ एत्तो, म्हणजे ८४ युरो! वजन कच्च्या, अख्ख्या माशाचं धरतात. डोकं, काटे, आतडी सगळं त्यात आलं. ताटात येतं ते त्याहून बरंच कमी. काही ठिकाणी भावाच्या जागी नुसतं ‘एस. क्यू.’ असतं, म्हणजे वजनाप्रमाणे. लॉबस्टर घातलेल्या पास्त्यालाही बऱ्याचदा हाच हिशोब लागतो.

म्हणून मासा शिजायला जाण्याआधी तो समोर वजनकाट्यावर ठेवायला सांगा. ‘क्वांतो पेझा?’ म्हणजे वजन किती, एवढं विचारलं तरी पुरतं. एकूण रक्कम कागदावर लिहून घ्या आणि मेन्यूच्या त्या पानाचा फोटो काढा. एकदा मासा शिजला की वजनाचा वाद कोणालाच सिद्ध करता येत नाही, आणि ते वेटरला पक्कं ठाऊक असतं. आढेवेढे घेतले तर सरळ उठा. फ्लोरेन्सच्या बिस्टेकालाही, म्हणजे गोमांसाच्या जाड स्टेकलाही, हेच लागू: हाडासकट, बहुधा किलोभर.

माणशी दीड-तीन युरोंचा ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, मेन्यूत छापलेला असेल तर ती फसवणूक नाही. रोम ज्या लात्सिओ प्रांतात आहे तिथे मात्र २००६ च्या प्रांतीय कायद्याने कोपेर्तोला बंदी आहे, त्यामुळे तिथे पैसे ‘पाने’ म्हणजे पावाच्या नावाने लागतात. नको असेल तर पाव हात न लावता परत पाठवा. बिलात ‘सेर्वीत्सिओ’ची, म्हणजे सेवाशुल्काची टक्केवारी धरलेली असेल तर वेगळी टिप देऊ नका.

आपल्याकडचं कार्ड असलं की आणखी एक खड्डा. मशीन विचारतं, रुपये की युरो? रुपये ओळखीचे वाटतात, पण तो दर मशीनवाल्याचा असतो आणि त्यात त्याचं कमिशन मुरलेलं असतं. नेहमी युरोच निवडा. वेटर स्वतःच बटण दाबायला लागला तर थांबवा आणि मशीन आपल्या हातात घ्या.

हाताने लिहिलेली चिठ्ठी म्हणजे बिल नव्हे. ‘स्कोंत्रीनो’, म्हणजे अधिकृत पावती, मागून घ्या. रक्कम मेन्यूशी जुळत नसेल तर आवाज न चढवता मेन्यूचा फोटो दाखवा आणि ११७ ला फोन करतो म्हणून सांगा. तो ग्वार्दिया दि फिनान्झाचा, म्हणजे करचोरी पकडणाऱ्या पोलिसांचा नंबर आहे.