मॅडन २५ चा फ्रँचायझी मोड: ड्राफ्टमध्ये आपला हात जगन्नाथ

मॅडन २५ हा एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगचा व्हिडिओ गेम मी फक्त फ्रँचायझी मोडसाठी (एक टीम सीझनमागून सीझन चालवायची) घेतला, अल्टिमेट टीमचे (खेळाडूंच्या कार्डांचे) पॅक फोडत बसण्यात मला काडीचा रस नाही त्यामुळे त्याबद्दल इथे काही मिळणार नाही. मैदानावरचा खेळ मस्त, ग्राफिक्स मस्त, पुढे.

ड्राफ्टचा, म्हणजे टीमांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायचा माहोल यावेळी झकास जमवलाय. लीगचा कमिशनर रॉजर गुडेल स्टेजवर येऊन नाव पुकारतो, सीझनभर स्काउट (खेळाडू हेरणारी माणसं) कामाला लावून जमवलेली माहिती समोर असते, सात राउंड, मध्येच दुसऱ्या टीमची ट्रेडची ऑफर येते आणि घड्याळ चालूच. खऱ्या ड्राफ्टचा पहिला राउंड आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होतो, इथे आपल्या सोयीने, चहा-बिहा घेऊन.

पण मला ज्यासाठी हा मोड हवा होता नेमकं तेच यात नाहीये. सुरुवातीला विचारतात ओनर होणार, कोच होणार की प्लेयर. ओनर झालात तर तिकिटाचे आणि खाण्यापिण्याचे भाव ठरवा, स्टेडियम बांधा वगैरे. आणि पिकची, म्हणजे खेळाडू निवडायची वेळ आली की ओनर असो नाहीतर कोच, बटण तुमच्याच हातात, कोणी "अरे थांब, हा नको" म्हणणारं नाही, जीएम (खेळाडूंची भरती बघणारा जनरल मॅनेजर) रुसत नाही, मालकाचा फोन येत नाही. हम करे सो कायदा!

खऱ्या एनएफएलमध्ये अर्धी मजा याच भांडणात आहे राव. १९९६ चं पेट्रियट्स टीमचं प्रकरण घ्या. कोच बिल पार्सेल्सला डिफेन्सचा माणूस हवा होता, मालक रॉबर्ट क्राफ्टने खेळाडूंची निवड बघणाऱ्या बॉबी ग्रायरची बाजू घेतली आणि सातव्या पिकला रिसीव्हर (पास झेलणारा) टेरी ग्लेन आला. गंमत म्हणजे पोरगं निघालं चांगलं, पहिल्याच सीझनला ९० कॅच, टीम सुपर बोलमध्ये, म्हणजे फायनलला. तरी पार्सेल्सच्या मनातून ते गेलं नाहीच, सुपर बोल हरल्यावर तो जेट्स टीमकडे गेला, आणि जाताना जे बोलला ते आजही लोक सांगतात, की स्वयंपाक मी करायचा तर निदान थोडा बाजार तरी मला करू द्या. म्हणजे पिक बरोबर की चूक हा प्रश्नच नव्हता, कोणाला विचारून केला हा होता.

काउबॉइज टीमचं त्याहून भारी. जेरी जोन्स १९८९ पासून मालक आणि जीएम पण तोच, म्हणजे कागदावर शेवटचा शब्द त्याचाच. २०१४ ला त्याला क्वार्टरबॅक (पास फेकणारा, टीमचा मुख्य खेळाडू) जॉनी मॅन्झिएल हवा होता, हवा म्हणजे प्रचंड हवा होता, पण मुलगा स्टीफन आणि बाकी मंडळी अडून बसली आणि सोळाव्या पिकला ऑफेन्सिव्ह लाइनचा (क्वार्टरबॅकला वाचवणारी फळी) झॅक मार्टिन घेतला. मार्टिन पुढे सात वेळा फर्स्ट टीम ऑल-प्रो (लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंची निवड), मॅन्झिएल ब्राउन्स टीमकडे जाऊन दोन सीझनमध्ये संपला. मॅडनमध्ये मी जेरी असतो तर मॅन्झिएल घेऊन मोकळा झालो असतो, कारण तिथे स्टीफनच नाही!

सिअ‍ॅटलला तर पीट कॅरल कोच असून २०१० पासून २०२३ च्या सीझनपर्यंत शेवटचा अधिकार त्याच्याकडे होता, जीएम जॉन श्नायडर त्याच्या हाताखाली. तरी २०१२ ला पाच फूट अकराच्या आतला, म्हणजे क्वार्टरबॅक म्हणून बुटका रसेल विल्सन तिसऱ्या राउंडला घेण्यासाठी मागे लागलेला श्नायडरच. आणि फिलाडेल्फियात २०१५ ला कोच चिप केलीच्या हातात सगळं दिलं, जीएम हॉवी रोझमनला बाजूला केलं, वर्ष संपायच्या आत चिप केली बाहेर आणि हॉवी परत. असला एकतरी ट्विस्ट गेममध्ये हवा होता ना? मालकाचा स्वभाव, जीएमचा करार, कोचची नाराजी, एवढं टाकलं असतं तरी मी पुढची पाच वर्षं दुसरा गेम घेतला नसता.

आमच्या ग्रुपने यावर तोडगा काढलाय. गेममध्ये एका टीमला एकच यूजर, मग कंट्रोलर एकाकडे द्यायचा, बाकीचे दोघं कॉलवर, एक मालक एक जीएम. मालकाला अख्ख्या ड्राफ्टमध्ये एकच व्हीटो, वापरला की संपला. पहिल्या राउंडलाच हट्टाने क्वार्टरबॅक घ्यायला लावणारा मालक आमच्यात आहे, नाव घेत नाही, त्याला कळेल.

फुल किमतीला घेऊ नका, सेलची वाट बघा. एकटे खेळणार असाल तर तीनेक सीझननंतर ड्राफ्ट नुसता हिशोब वाटायला लागतो, हुज्जत घालणारे मित्र असतील तर बिनधास्त घ्या. पाचपैकी साडेतीन.