रस्ते खोदाई परवान्याची ऑनलाइन सेवा: पाचपैकी तीन तारे

फॉर्म भरायला सोपा आहे, अर्ज अडकतो तो नकाशावर. पोर्टल फक्त रेषा मागतं. तपासणाऱ्या अभियंत्याला मात्र छेद, म्हणजे खंदक उभा कापला तर कसा दिसेल त्याचं रेखाचित्र, हवा असतो. खंदकाची रुंदी, खोली, पदपथाच्या कडेपासूनचं अंतर आणि आधीच्या जलवाहिन्या, केबल नेमक्या कुठे आडव्या येतात ते. फॉर्ममध्ये याचा कुठेच उल्लेख नाही, ही सेवेची सर्वांत मोठी उणीव. छेद पहिल्याच अर्जाला जोडा, एक फेरी वाचते.

आडवं ड्रिलिंग करणाऱ्यांनी जास्त जपावं. पाइप जमिनीखालून जातो म्हणून खोदाई शून्य दाखवली जाते. मग दोन्ही टोकांचे खड्डे आणि जोडणीचे चेंबर यांच्या क्षेत्रफळासाठी शुल्काची मागणी दुसऱ्यांदा निघते, आणि मुदतीचे दिवस फुकट जातात. जुन्या नकाशांवर विसंबू नका. दुसरी वाहिनी आडवी येते तिथे हाताने चाचणी खड्डा घ्याच, आणि तो अर्जातही दाखवा.

वाहतूक शाखेचा ना हरकत दाखला वेगळा काढावा लागतो. का, कोण जाणे.

अनामत परत मिळण्याची बाजू मात्र चोख. भराव 150 ते 200 मिमीच्या थरांत ठोकलेला, डांबराच्या कडा कटरने सरळ कापलेल्या आणि प्रत्येक थराचे तारखेसह फोटो असले की तपासणी लवकर उरकते. सगळी माती एकदम लोटून वरून रोलर फिरवला, तर खालचा भाग पोकळ राहून पहिल्या पावसात पट्टा खचतो आणि दुरुस्तीचा खर्च अनामतीतूनच कापला जातो.