‘शुद्ध मेरिनो’ म्हणून घेतलेली लोकर

मुलगी पाचगणीला शाळेच्या वसतिगृहात नोकरी करते. तिथली डिसेंबरची थंडी माहीत असल्याने तिच्यासाठी वेण्यांचं जाड पांघरूण विणायचं ठरवलं. ५० बाय ६० इंच, सहा-सहा टाक्यांच्या वेण्या, दर आठव्या ओळीला पीळ. वेणीच्या विणीत टाके एकमेकांवर चढतात, कापड आत ओढलं जातं, म्हणून साध्या विणीपेक्षा लोकर बरीच जास्त लागते. १०० ग्रॅमचे १५ गुंडे असा हिशोब निघाला.

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या माझ्या नेहमीच्या दुकानदाराने मेरिनो, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीची मऊ लोकर, मागवून द्यायला पंधरा दिवस मागितले. मला दम निघाला नाही. मोबाइलवर एक जाहिरात दिसली, ‘शुद्ध ऑस्ट्रेलियन मेरिनो, ३२० रुपये गुंडा’. खरी मेरिनो या भावात परवडतच नाही, हे मला इतक्या वर्षांच्या विणकामानंतर कळायला हवं होतं. पण फोटोतला मोरपंखी रंग इतका सुंदर होता की मी ४,८०० रुपये पाठवून मोकळी झाले.

पार्सल आलं. हाताला मऊ. त्याच संध्याकाळी टाके घातले.

महिनाभर रोज रात्री जेवणं आटोपली की बसायचे. तीन टाके जादा सुईवर घेऊन पुढे धरले की वेणी डावीकडे झुकते, मागे धरले की उजवीकडे. लय लागली की वेळ कळत नाही. चार गुंडे संपले तेव्हा माप घेतलं. सोळा इंच व्हायला हवं होतं, तेरा भरलं. माझाच हात घट्ट पडला असं समजून दोन दिवस मी स्वतःवरच चिडत होते.

मग जाऊबाई म्हणाल्या, “अहो, उरलेले गुंडे आधी वजनाला तरी लावा.” स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक ठेवला. ८१ ग्रॅम, ७९, ८३. एकही शंभराचा नव्हता. उजेडात नेल्यावर दिसलं की त्यातल्या सहा गुंड्यांचा रंग बाकीच्यांपेक्षा निळसर आहे. रंगवण्याचा लॉट बदलला की अशी छटा बदलते, आणि मोठ्या पांघरुणात तो पट्टा लांबूनही डोळ्यात खुपतो. खऱ्या गुंड्याच्या पट्टीवर लॉट क्रमांक असतो. यांच्या पट्टीवर तो नव्हता आणि पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ताही नव्हता.

विणलेला तुकडा भिजवून, ताणून, टाचण्या लावून वाळवला. लोकर असती तर वाळल्यावर त्या मापाला धरून राहिली असती. टाचण्या काढल्या आणि तुकडा पुन्हा आक्रसला. आता मात्र मनात पाल चुकचुकली.

सासूबाईंची घोंगडी घरात आहे, माणदेशातल्या धनगराकडून घेतलेली, दख्खनी मेंढीच्या लोकरीची. तिचा एक धागा चिमट्यात धरून जाळला. केस जळाल्याचा वास आला आणि बोटात चुरगळणारी काळी राख उरली. मग माझ्या ‘मेरिनो’चा धागा. तो वितळला, प्लास्टिकसारखा वास आला आणि टोकाला टणक काळा मणी जमला. निव्वळ अॅक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा. आपल्याकडे दुकानात अॅक्रिलिकलाही लोकरच म्हणतात आणि मी स्वतः त्याची कितीतरी बाळांची टोपडी विणली आहेत. अॅक्रिलिक म्हणून विकलं असतं तर माझं काहीच म्हणणं नव्हतं. (ही परीक्षा करायची तर धागा बोटात धरू नका. वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. खाली स्टीलची ताटली ठेवा.)

विकणाऱ्याला फोटो पाठवले. अर्ध्या तासात फोन, अगदी गोड आवाजात. “ताई, पैसे परत करतो, पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका.” भाचा शेजारीच होता, त्याने मोबाइल हातातून काढून घेतला. पैसे आपल्याकडे येताना यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. त्याचे शब्द इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण त्या क्षणी मी पिन टाकणारच होते.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पार्सलचं वेष्टन, पट्ट्या, पैसे पाठवल्याची नोंद, सगळं जपून ठेवलंय. त्या माणसाचा नंबर बंद आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

विणलेलं सगळं उसवलं. त्या रात्री फार वाईट वाटलं.

परवा राजवाड्यावर गेले. दुकानदाराने मागवलेल्या मेरिनोचा एक धागा मागून घेतला, त्याच्यासमोरच जाळला, गुंडा काट्यावर ठेवला. त्याला राग आला नाही. भाव दुपटीहून जास्त आहे, म्हणून सध्या चारच गुंडे आणलेत. बाकीचे अकरा, त्याच लॉटचे, त्याने माझ्या नावाची चिठ्ठी लावून बाजूला ठेवलेत.