नटांनी नटांना दिलेली दाद

परदेशातल्या पुरस्कार सोहळ्यांपैकी एकच बघायचा असेल तर कोणता, असं कुणी विचारलं तर मी ऑस्करचं नाव घेत नाही. मी सॅग अवॉर्ड्स सांगते. त्याचं नाव आता बदलून ॲक्टर अवॉर्ड्स झालंय. अमेरिकेतल्या अभिनेत्यांची कामगार संघटना १९९५ पासून तो भरवते; आधी ती सॅग, म्हणजे स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड, होती, २०१२ पासून सॅग-आफ्ट्रा. चित्रपट आणि मालिका दोन्हींतल्या कामाला बक्षिसं असतात. नामांकनं सदस्यांमधूनच निवडलेले दोन गट ठरवतात आणि शेवटचं मत देतात लाखाहून जास्त सभासद. त्यातल्या बहुतेकांचं घर नुसत्या अभिनयावर चालत नाही. तरीही मत त्यांचंच चालतं, निर्मात्याचं किंवा समीक्षकाचं नाही.

मी राज्य नाट्य स्पर्धेत वर्षानुवर्षं शेजारीण, आत्या, दुसऱ्या अंकात येणारी वकीलबाई अशी कामं करत आले. त्यामुळे माझा जीव अडकतो तो सर्वोत्कृष्ट अभिनेत्यापेक्षा 'एन्सेम्बल'च्या बक्षिसात. म्हणजे सगळ्या संचाला मिळून एक मान. चित्रपटांत इथला तोच सगळ्यात मोठा पुरस्कार. २००९ साली तो 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या संचाला मिळाला, इरफान खान आणि अनिल कपूर त्यात होते. २०२० मध्ये 'पॅरासाइट'चे कोरियन कलाकार आपल्या चित्रपटाची ओळख करून द्यायला नुसते मंचावर आले, तर अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. बक्षीस तेव्हा जाहीरही झालं नव्हतं!

२०२३ मध्ये 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स'च्या संचासोबत चिनी वंशाचे अमेरिकी अभिनेते जेम्स हाँग मंचावर आले. वय ९४. पूर्वी आशियाई भूमिकांसाठी गोऱ्या नटांच्या पापण्या चिकटपट्टीने ओढायचे आणि खऱ्या आशियाई नटाला मात्र तुमच्या नावावर तिकिटं खपत नाहीत म्हणून नाकारायचे, हे त्यांनी तिथे उभं राहून सांगितलं. समोरच्या टेबलांवरची माणसं हसत होती आणि डोळेही पुसत होती. एवढ्यासाठीही मी हा सोहळा बघेन.

सुरुवात मला फार आवडते. टेबलाशी बसलेले काही कलाकार कॅमेऱ्याकडे बघून आपला एखादा छोटा किस्सा सांगतात आणि आपलं नाव घेऊन 'मी अभिनेता आहे' म्हणून थांबतात. नाच नाही, धूर नाही. ट्रॉफीसुद्धा नेमकी आहे: ब्राँझचा पुतळा, हातात हसरा आणि रडका मुखवटा. नाटकवाल्यांना तो ओळखीचा वाटेल.

२०२४ पासून सोहळा नेटफ्लिक्सवर थेट दिसतो. त्या वर्षी तो अभिनेत्यांच्या २०२३ मधल्या ११८ दिवसांच्या संपानंतरचा पहिला होता, आणि संघटना म्हणजे काय हे त्या दिवशी भाषणांतून कळत होतं. २०२५ मध्ये ज्येष्ठ अभिनेत्री जेन फोंडांना जीवनगौरव मिळाला. नट हातात धरता येईल असं काही बनवत नाही, तो दुसऱ्याला आतून समजून घ्यायला लावतो, आणि हे समजून घेणं दुबळेपणाचं नाही, असं त्या बोलल्या. आमच्या तालमीला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी ते भाषण दाखवते.

आता जे खटकतं ते. मालिकांमध्ये सहायक भूमिकेचं वेगळं बक्षीसच नाही. प्रमुख आणि सहायक एकाच रांगेत उभे, मग मोठी भूमिका पुढे जाणारच. चरित्र अभिनेत्यांनीच भरलेल्या संघटनेला हे कसं चालतं? चित्रपटाच्या संचाचाही नियम असा, की श्रेयनामावलीत ज्याचं नाव स्वतंत्र पाटीवर एकटं येतं तोच त्या बक्षिसाचा मानकरी. चार नावांच्या पाटीत बसलेल्यांनी काम केलेलं असतं, ट्रॉफी त्यांना नाही. संच म्हणायचं तर सगळा संच म्हणा ना!

त्याहून वाईट वाटतं स्टंट कलाकारांचं. २००८ पासून त्यांच्या संचाला पुरस्कार आहे, ही मोठीच गोष्ट. पण तो मुख्य सोहळ्याआधी, रेड कार्पेटच्या गडबडीत जाहीर होतो. २०२५ मध्ये 'द फॉल गाय' आणि 'शोगुन'च्या स्टंट कलाकारांना तो तसाच मिळाला. हाडं मोडायची जोखीम घेणाऱ्यांना मंचावर दोन मिनिटं द्यायला काय हरकत आहे? फॅशनच्या प्रश्नोत्तरांतली कापा.

सोहळा साधारण दोन तासांचा. मध्ये सूत्रसंचालनाचे विनोद येतात, बरे असतात. लॉस एंजेलिसमध्ये रविवारची संध्याकाळ, म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहा. २०२५ मध्ये तसंच होतं. ऑफिस असेल तर त्या दिवशी उशिरा येईन म्हणून आधीच सांगून ठेवा, आणि स्टंटवाल्यांसाठी थोडं लवकर लावा.