आपला हौशी ऑर्केस्ट्रा: कार्यक्रमाला जाच, पण आधी एक तालीम ऐका

तीन वर्षं झाली या ग्रुपला ऐकतेय, यावेळी पहिल्यांदाच कार्यक्रमाआधीच्या तालमींनाही जाऊन बसले, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ऑर्केस्ट्रा म्हणजे फिल्मी गाण्यांचा नव्हे हं, सिम्फनीवाला, व्हायोलिन-व्हायोला-चेलो-हॉर्न सगळं असलेला. पन्नासेक माणसं, वाजवायचे पैसे कुणालाच नाहीत, आठवड्यातून एक संध्याकाळ एकत्र तालीम आणि बाकीचा रियाज ज्याचा त्याने घरी, नोकरी-संसार सांभाळून.

यावेळी होती चेक संगीतकार ड्वोर्झाकची नववी सिम्फनी, म्हणजे 'न्यू वर्ल्ड', जी १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा वाजली. पाऊण तासाच्या आसपासची सिम्फनी. हौशी ग्रुपने ही हातात घ्यायची म्हणजे हिंमत लागते, कारण हिच्या सुरावटी लोकांच्या कानात बसलेल्या असतात, चुकलं की लगेच कळतं.

आणि चुकलं, ते आधी सांगून टाकते. दुसरी मूव्हमेंट, म्हणजे सिम्फनीचा दुसरा भाग, लार्गो, डी फ्लॅट मेजर या स्केलमध्ये आहे, त्यात पाच फ्लॅट म्हणजे अर्ध्या पायरीने उतरवलेले सूर, आणि व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई, यातली एकही त्या स्केलमध्ये बसत नाही, म्हणजे प्रत्येक सूर बोटानेच शोधायचा, टेकायला मोकळी तार नाही, आणि दहा-बारा जण मिळून शोधायला लागले की कुणीतरी कणसूर होतंच. सेकंड व्हायोलिन दोन ठिकाणी लय पळवत होते. चौथ्या मूव्हमेंटच्या सुरुवातीची ती मोठी धून हॉर्न आणि ट्रम्पेटवर आहे, तिथे हॉर्नचा एक सूर फुटला. पण हॉर्नवाल्यांना मी तरी नावं ठेवणार नाही. वरच्या पट्टीत त्या वाद्याचे सूर एकमेकांना इतके खेटून असतात की ओठ जरासा हलला तरी शेजारचाच सूर वाजतो, पगारी ऑर्केस्ट्रातसुद्धा हे होतं.

आता तालमींबद्दल, कारण खरा आनंद मला तिथे मिळाला. लार्गोतली ती प्रसिद्ध धून इंग्लिश हॉर्नवर आहे. नाव हॉर्न असलं तरी ती ओबो या फुंकायच्या वाद्याच्याच घरातली, ओबोपेक्षा लांब आणि खालच्या सुराची. आपल्याकडे ती वाजवणाऱ्या ताई दिवसभर दातांचा दवाखाना चालवतात. पहिल्या तालमीत त्यांची रीड, म्हणजे ओठात धरून फुंकायची पाती, बोलेचना, दोन पातळ पात्या एकत्र बांधलेल्या असतात त्यात, जराशी कोरडी पडली की सूर धरत नाही. त्या काही बोलल्या नाहीत, नुसती रीड ओली करत बसल्या, आणि तालीम संपून सगळे खुर्च्या गोळा करत होते तेव्हा कोपऱ्यात एकट्याच त्या पहिल्या चार ओळी पुन्हा पुन्हा वाजवत होत्या. पुढच्या वेळी कंडक्टर सरांनी सगळ्या ऑर्केस्ट्राला वाद्यं खाली ठेवून ती धून तोंडाने गायला लावली, श्वास कुठे घ्यायचा ते कळावं म्हणून. त्यानंतर ताईंच्या मागे वाजणाऱ्या तारा एकदम हलक्या झाल्या, त्यांना वाट करून द्यायला लागल्या. कार्यक्रमात ताईंनी ती धून जशी वाजवली त्याला माझ्याकडे शब्द नाहीत, हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

आणि झांजवाले काका! आख्ख्या सिम्फनीत झांज एकदाच वाजते, चौथ्या मूव्हमेंटमध्ये, एकच ठोका, तोही दणकन आदळायचा नाही. तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये ट्रँगलही त्यांच्याचकडे होता, पण बाकीचा सगळा वेळ बसून बार, म्हणजे तालाची आवर्तनं, मोजायचे. मी गेले त्या प्रत्येक तालमीला काका हजर होते. मी विचारलं तर म्हणाले की एकच ठोका आहे म्हणूनच यावं लागतं, बाकीच्यांना चूक झाल्यावर पुढे सावरून घेता येतं. ट्यूबावाल्याचंही तसंच, त्याला फक्त लार्गोत थोडेसे सूर, पण तेवढ्याने खालचा पाया कसा भरतो ते समोर बसून ऐकल्यावर कळलं, रेकॉर्डिंगमध्ये मला ते कधीच जाणवलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये खूप उकडत होतं. उष्णतेने फुंकायची वाद्यं चढतात आणि तारा उतरतात, म्हणजे दोघं विरुद्ध दिशेला. इंटरव्हलनंतर ओबोकडून पुन्हा 'ए' हा सूर घेऊन सगळ्यांनी शांतपणे वाद्यं लावून घेतली, घाई केली नाही, हे मला फार आवडलं.

आयोजकांना दोन गोष्टी सांगायच्यात. मूव्हमेंटच्या मध्ये माइकवर निवेदन नको, प्लीज. लार्गोच्या शेवटाकडे ती धून तुटत तुटत येते, मध्ये शांतता, मोजक्याच तारा उरतात, आणि ते संपून दोन सेकंद झाले नाहीत तोवर आभारप्रदर्शन सुरू! वाजवणाऱ्यांची आणि आमचीही तंद्री मोडली. दुसरं म्हणजे पत्रिकेत वादकांची नावं वाद्यानुसार छापा, लोकांना कळू दे कोण काय वाजवतंय.

पाचपैकी चार स्टार, कापलेला एक निवेदनासाठी, वाजवण्यासाठी नाही.

व्हायोला आणि बासून (खालच्या सुराचं फुंकायचं वाद्य) वाजवणारे कमी आहेत, चार व्हायोलांवर सगळं चाललंय, कुणाला येत असेल तर खरंच जा, आधी वाजवून दाखवावं लागतं पण कुणी घाबरवत नाही. ऐकायला जाणार असाल तर पुढची रांग घेऊ नका, तिथे नुसते व्हायोलिन ऐकू येतात, मधल्या रांगांत बसा. आणि ही सिम्फनी परत लावली तर शेवटच्या कॉर्डला, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांना, लगेच टाळ्या वाजवू नका, तो दणक्यात संपत नाही, फुंकणारे सगळे तो धरून ठेवतात आणि हळूहळू विरत नेतात. तालमीत तो तीनदा मध्येच तुटला होता. त्या दिवशी पूर्ण विरेपर्यंत टिकला, आणि झांजवाले काका डोळे मिटून ऐकत होते.